रोनाल्ड कोस यांना नेमकं काय म्हणायचं होतं? कायद्याच्या आर्थिक विश्लेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्याच्या वर्गात उपद्रव (शेजाऱ्याच्या धुराचा, आवाजाचा वगैरे त्रास) आणि नुकसानभरपाई हा भाग सुरू झाला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, ते कोस म्हणतात ना की कोर्टाची गरजच नाही, लोक आपापसांत मिटवतील?" हे कोस म्हणालेच नव्हते. ते जे म्हणाले ते यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे, आणि ते या गैरसमजाखाली दबून गेलं याची मला मनापासून हळहळ वाटते. मुलांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रोनाल्ड कोस कोण होते?

जन्म २९ डिसेंबर १९१०, लंडनच्या विल्सडन भागातला. वडील पोस्टखात्यात तारायंत्रावर होते, आईनंही लग्नापूर्वी पोस्टात नोकरी केली होती. दोघांचीही शाळा बाराव्या वर्षी सुटलेली. लहान रोनाल्डचे पाय अशक्त होते, पायांना लोखंडी आधार बांधावे लागत, म्हणून सुरुवातीची शाळा अपंग मुलांची. पुढे इतिहास शिकायची इच्छा होती, पण लॅटिन येत नव्हतं. रसायनशास्त्राकडे जावं तर गणिताशी जमेना. उरलं वाणिज्य. तेच घेऊन ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती हीच संस्था, कोस तिथे पोचले त्याच्या काही वर्षं आधी.

१९५१ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी बफेलो, मग व्हर्जिनिया आणि १९६४ पासून शिकागो विद्यापीठाचं विधी महाविद्यालय. तिथे १९८२ पर्यंत त्यांनी 'जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स'चं संपादन केलं. १९९१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २ सप्टेंबर २०१३ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

ते वकील होते का?

नाही. कायद्याची पदवीही नव्हती. पण जुने निकाल वाचायची त्यांना गोडी होती, आणि त्यांच्या कामाचं निम्मं बळ त्या वाचनात आहे.

मग अर्थतज्ज्ञ माणूस कायद्याकडे वळला कसा?

रेडिओमुळे. १९५९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनवर, म्हणजे रेडिओच्या लहरी वाटून देणाऱ्या सरकारी आयोगावर, एक लांबलचक लेख लिहिला. रेडिओच्या लहरी मर्यादित आहेत, कुणीही कुठेही प्रक्षेपण करू लागलं तर गोंगाट होईल, म्हणून कोणाला कुठली लहर द्यायची ते सरकारनंच ठरवायचं, असा तेव्हाचा सर्वमान्य युक्तिवाद होता. कोस यांनी विचारलं, जमीनही मर्यादितच आहे ना? सोनंही मर्यादितच आहे. मग त्यांचं वाटप मंडळ नेमून, अर्जदाराची लायकी तपासून आपण का करत नाही? गोंधळ होतो तो वस्तू मर्यादित असते म्हणून नव्हे, तिच्यावर कोणाचा किती हक्क आहे ते ठरलेलं नसतं म्हणून. हक्क ठरवा, विकू द्या, लिलाव करा.

ही कल्पना त्यांच्या आधी १९५१ मध्ये लिओ हर्झेल नावाच्या कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं मांडली होती, आणि तिचं श्रेय कोस यांनी त्याला दिलं. पुढे कोस आयोगापुढे साक्षीला गेले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "हा सगळा मोठा विनोद आहे का?" १९९४ मध्ये त्याच आयोगानं लहरींचा पहिला लिलाव केला.

याच लेखात एक छोटा भाग होता. त्यात म्हटलं होतं की हक्क एकदा स्पष्ट झाला आणि देवघेव करता आली, तर तो सुरुवातीला कोणाला दिला यावर लहरीचा अंतिम वापर ठरत नाही. शिकागोच्या अर्थतज्ज्ञांना हा भाग साफ चुकीचा वाटला.

शिकागोतल्या त्या प्रसिद्ध संध्याकाळी काय झालं?

लेखातला तो भाग गाळा, असं कोस यांना सुचवण्यात आलं. ते ऐकेनात. म्हणून १९६० मध्ये त्यांना व्हर्जिनियाहून बोलावण्यात आलं आणि तिथले प्राध्यापक ॲरन डिरेक्टर यांच्या घरी बैठक भरली. मिल्टन फ्रीडमन, जॉर्ज स्टिग्लर, अर्नोल्ड हार्बर्गर अशी अर्थतज्ज्ञ मंडळी हजर होती. स्टिग्लर यांनी नंतर लिहून ठेवलंय की सुरुवातीला मतं घेतली तेव्हा वीसजण विरुद्ध आणि एकटे कोस बाजूने असा हिशेब होता. दोन तास वाद झाला. संपला तेव्हा एकवीसच्या एकवीस मतं कोस यांच्या बाजूची होती.

या मंडळींनी सांगितलं, हे सविस्तर लिहून काढा. त्यातून आला 'द प्रॉब्लेम ऑफ सोशल कॉस्ट' हा ४४ पानांचा लेख. अंकावर तारीख ऑक्टोबर १९६० ची आहे, प्रत्यक्षात तो १९६१ मध्ये बाहेर पडला. कायद्याच्या नियतकालिकांमध्ये सर्वाधिक उद्धृत झालेला लेख म्हणून त्याची नोंद घेतली जाते. त्यात एकही समीकरण नाही.

त्या लेखात नवीन काय होतं?

त्याआधी केंब्रिजच्या आर्थर पिगू यांचा विचार पक्का बसलेला होता. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जातो, आगगाडीच्या ठिणग्यांनी रुळालगतचं पीक पेटतं. म्हणजे नुकसान करणारा एक आणि सोसणारा दुसरा. सरकारनं करणाऱ्यावर कर लावावा, त्याला भरपाई द्यायला लावावी किंवा त्याला थांबवावं.

कोस म्हणाले, प्रश्नच चुकीचा मांडलाय. धूर थांबवला तर शेजाऱ्याचं नुकसान टळतं, पण कारखानदाराचं होतं. 'अ'ला 'ब'चं नुकसान करू द्यायचं की 'ब'ला 'अ'चं, असा तो प्रश्न आहे. नुकसान दोन्ही बाजूंनी आहे, आणि दोघे एका जागी आले म्हणून ते उद्भवलंय. तेव्हा मोठं नुकसान कोणतं आणि ते टाळण्याचा स्वस्त मार्ग कोणाच्या हातात आहे, ते आधी शोधा.

हे पहिल्यांदा ऐकताना टोचतं. मलाही टोचलं होतं. धूर सोडणाऱ्याला आणि धुरात खोकणाऱ्याला एकाच तराजूत घालायचं? पण यात दोघांना नैतिकदृष्ट्या सारखं ठरवलेलं नाही. कार्यकारण दोन्हीकडे असतं आणि म्हणून 'कोणामुळे झालं' एवढ्या एका प्रश्नावर निकाल लागू शकत नाही, इतकंच म्हणणं आहे. हे दोन मुद्दे वेगळे ठेवले तर पुढचा सगळा लेख सोपा होतो.

पिगू यांच्या ठिणग्यांबद्दल कोस यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती मला फार महत्त्वाची वाटते. रेल्वेला भरपाई द्यावी लागत नव्हती, कारण इंग्लंडच्या कायद्यानंच रेल्वेला तशी मुभा दिली होती. बाजार मोकाट सुटल्याचं उदाहरण म्हणून जे दिलं जात होतं, ते मुळात कायद्यानं घडवलेलं होतं.

गुरं आणि पिकाचं उदाहरण सोप्या शब्दांत सांगाल?

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणि त्यातून आलेला कोंडवाडा आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. दुसऱ्याच्या शेतात जनावर शिरलं की ते कोंडवाड्यात, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही.

कोस यांच्या उदाहरणात एक गुरं पाळणारा आहे आणि शेजारी एक शेतकरी. मध्ये कुंपण नाही. एक जनावर असेल तर वर्षाला १ टन पीक जातं, दोन असतील तर ३ टन, तीन असतील तर ६ आणि चार असतील तर १० टन. पिकाचा भाव टनाला १ डॉलर, कुंपणाचा वार्षिक खर्च ९ डॉलर.

आता कायदा म्हणतो, गुरंवाल्यानं भरपाई द्यायची. मग तिसरं जनावर घेताना तो हिशेब करील, याच्यापायी भरपाई ३ वरून ६ डॉलरवर जाणार. या जनावरापासून ३ डॉलरपेक्षा जास्त सुटत असतील तरच घ्यावं. आणि चार किंवा अधिक ठेवायची असतील तर १० डॉलर भरण्यापेक्षा ९ डॉलरचं कुंपण परवडेल.

उलटा कायदा घ्या. गुरंवाल्यावर कसलीच जबाबदारी नाही. त्याच्याकडे तीन जनावरं आहेत. शेतकरी जाऊन म्हणेल, तिसरं काढ, मी तुला ३ डॉलरपर्यंत देतो. इथे पोरं थबकतात, म्हणून मी फळ्यावर पुन्हा लिहितो: तिसरं जनावर ठेवलं तर गुरंवाला त्या ३ डॉलरना मुकतो. म्हणजे पहिल्या कायद्यात त्याच्या खिशातून जे ३ जात होते, तेच या कायद्यात हातात यायचे राहतात. त्याच्या लेखी तिसऱ्या जनावराचा खर्च दोन्हीकडे ३ डॉलरच. जनावरं किती राहतील ते दोन्ही कायद्यांखाली सारखंच ठरतं. बदलतं एवढंच, की पैसे कोणी कोणाला द्यायचे.

एक अट मात्र आहे. दोघांना भेटून बोलायला, ठरवायला आणि ठरलेलं पाळायला काहीही खर्च येता कामा नये.

मिठाईवाला आणि डॉक्टर यांचा खटला कोणता?

स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर एका मिठाईवाल्याचं दुकान होतं आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर. तिथे भिंतीला लागून विटांच्या चौथऱ्यात दोन मोठे खल बसवलेले होते आणि त्यांत भल्यामोठ्या लाकडी बत्त्यांनी साखरेचे कडक खडे आणि इतर जिन्नस कुटले जात. एक खल त्या जागी साठहून अधिक वर्षं होता, दुसरा सव्वीसहून अधिक. मसाला कांडपाच्या गिरणीशेजारी राहिलेल्या कुणालाही तो आवाज समजावून सांगावा लागणार नाही. तो नुसता कानांत जात नाही, भिंतीतून हाडांत उतरतो.

मागच्या विंपोल स्ट्रीटवर एक डॉक्टर राहायला आले. पहिली आठ वर्षं त्यांची काही तक्रार नव्हती. मग त्यांनी बागेच्या टोकाला, नेमकं त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली. आता छातीला नळी लावली की बत्त्याचे ठोके ऐकू येऊ लागले. डॉक्टर कोर्टात गेले.

मिठाईवाल्याचं म्हणणं स्वाभाविक होतं: मी आधीपासून इथे आहे. वीस वर्षांच्या वहिवाटीनं हक्क मिळतो हे तत्त्व आपल्याही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, तेव्हा मराठी वकिलाला हा बचाव तोंडपाठ असेल. कोर्टानं तो मानला नाही. खोली बांधेपर्यंत त्रासच नव्हता, त्यामुळे डॉक्टरांना आधी दावा लावता आला नसता, म्हणून वहिवाटीची वर्षं मोजायला सुरुवातच झाली नाही. न्यायमूर्ती थेसिगर यांनी त्या निकालात म्हटलंय की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. पहिला भाग धनिकांच्या घरांचा, दुसरा चामडं कमावणाऱ्यांचा. मनाई हुकूम डॉक्टरांच्या बाजूने लागला.

कोस इथून पुढे विचार करायला लावतात. आकडे मी माझ्या मनाचे घेतो. समजा, खल बंद झाले तर मिठाईवाल्याचं २०० पौंडांचं नुकसान आहे, आणि डॉक्टरांना खोली दुसरीकडे हलवायला १२० पौंड लागतात. हक्क डॉक्टरांचा असला तरी मिठाईवाला त्यांना १५० पौंड देऊन म्हणेल, तुम्ही खोली हलवा. दोघांचाही फायदा, खल चालू. हक्क मिठाईवाल्याचा असता तर डॉक्टर फार तर १२० देऊ करतील, मिठाईवाला २०० च्या खाली ऐकणार नाही. खल चालूच. आकडे उलटे केले तर दोन्ही परिस्थितींत खल बंद पडतील. म्हणजे देवघेव फुकट होत असती, तर खल वाजणार की थांबणार हे कोर्टानं ठरवलं नसतं. दोघांपैकी कोण कोणाला पैसे देणार एवढंच ठरवलं असतं.

यालाच 'कोस सिद्धांत' म्हणतात ना?

हो, पण हे नाव कोस यांनी दिलेलं नाही. ते स्टिग्लर यांनी १९६६ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात दिलं आणि ते चिकटलं.

मग निष्कर्ष असाच ना, की कायदा काहीही असो, लोक मिटवतील?

नाही. हीच ती गफलत, आणि याच उत्तरासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

पदार्थविज्ञानात घर्षण नसलेला पृष्ठभाग कल्पून सुरुवात करतात, घर्षण कळावं म्हणून. ते पान वाचून कुणी रस्त्यावर ब्रेक नसलेली गाडी काढत नाही. कोस यांनी खर्चाशिवायच्या देवघेवीची कल्पना केली ती याच हेतूनं. ४४ पानांच्या लेखात तो भाग पहिल्या साधारण पंधरा पानांत आटोपतो. त्यानंतर ते स्पष्ट सांगतात की हे गृहीतक अगदी अवास्तव आहे, आणि पुढची पानं व्यवहाराला खर्च येतो तेव्हा काय होतं यावर आहेत. तिथे चित्र उलटं होतं. देवघेव महाग असली की कोर्टानं हक्क ज्याला दिला त्याच्याकडेच तो राहतो. न्यायाधीशाचा निकाल हाच शेवटचा शब्द ठरतो. म्हणून न्यायाधीशानं आपल्या निकालाचे आर्थिक परिणाम समजून घेणं भाग आहे. जुने इंग्रज न्यायाधीश हे पुष्कळदा जाणून होते, अर्थतज्ज्ञांपेक्षा जास्त जाणून होते, असं कोस निकाल वाचून दाखवून देतात.

तेव्हा 'कायद्याची गरज नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी घालणं म्हणजे त्यांचा लेख पंधराव्या पानावर मिटून ठेवणं आहे. खर्चाशिवायच्या जगाला 'कोसचं जग' म्हणतात याचा त्यांना शेवटपर्यंत खेद होता. ज्या जगातून अर्थतज्ज्ञांना बाहेर काढायची त्यांची धडपड होती, त्याच जगाला त्यांचं नाव मिळालं.

'व्यवहार-खर्च' म्हणजे वकिलाची फी?

तीही, पण ती सगळ्यात छोटी बाब. समोरचा पक्ष कोण ते शोधणं, त्याला किती हवंय याचा अंदाज घेणं, घासाघीस, करार लिहिणं आणि मग तो पाळला जातोय का यावर नजर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. नदीत मळी सोडणारा एक कारखाना आणि खालच्या अंगाला चाळीस गावं असं चित्र डोळ्यांपुढे आणा. चाळीस गावांतल्या प्रत्येक विहीरवाल्याला एकत्र बसवणार कोण? वर्गणी काढायची ठरली तर प्रत्येकाला वाटणार, बाकीचे देतील, मी कशाला. आणि शेवटचा एक जण अडून बसला तर सगळं फिसकटणार. अशा वेळी 'आपापसांत मिटवा' म्हणणं म्हणजे कारखान्याच्या बाजूने निकाल देणं.

या खर्चाचा विचार कोस यांनी १९३७ मध्येच केला होता. सगळं बाजारात विकत मिळतं तर कंपन्या का असतात, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर हेच: प्रत्येक कामासाठी रोज नवा सौदा करणं परवडत नाही, म्हणून माणसं नोकरीवर ठेवली जातात. हा विचार त्यांनी एकविसाव्या वर्षी स्कॉटलंडमधल्या डंडीतल्या व्याख्यानात मांडला होता.

लोक खरोखर असं वागतात का, हे कुणी तपासलं?

तपासलं, आणि उत्तरं फार बोलकी आहेत.

रॉबर्ट एलिक्सन हे कायद्याचे प्राध्यापक उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात गेले. तिथे गुरं आणि शेजारी यांचा प्रश्न जिवंत होता आणि परगण्याच्या काही भागांत कायदा गुरंवाल्याच्या बाजूचा, काही भागांत शेजाऱ्याच्या बाजूचा होता. म्हणजे कोस यांचं उदाहरण जमिनीवर उतरलेलं. एलिक्सन यांना काय दिसलं? लोक कायद्याच्या आधारानं घासाघीस करतच नव्हते. बऱ्याच जणांना आपल्या भागात कोणता कायदा लागू आहे याची नीट कल्पनाही नव्हती. 'चांगल्या शेजाऱ्यानं आपली गुरं सांभाळावीत' हा रिवाज सगळीकडे चालत होता. नुकसान झालं तर मनात नोंद राहायची आणि पुढेमागे दुसऱ्या कामात ती फिटायची. पैसे मागणं अशिष्ट समजलं जाई. हे १९९१ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं.

हे वाचताना मला आजोळची एक दुपार आठवली. शेजारच्यांची म्हैस आमच्या कडब्यात शिरली होती. मामा दावं धरून तिला घेऊन गेले, ओट्यावर उभं राहून चार शब्द सुनावले, चहा घेतला आणि परत आले. पुढच्या आठवड्यात त्याच घरातून पाभर आली पेरणीला, भाडं न घेता. कोंडवाडा होता, पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

वॉर्ड फार्न्सवर्थ या कायद्याच्याच प्राध्यापकांनी दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. उपद्रवाच्या २० खटल्यांचा त्यांनी मागोवा घेतला आणि निकालानंतर पक्षकारांनी सौदा केला का, ते वकिलांना विचारलं. एकाही प्रकरणात केला नव्हता. कोर्टात भांडून झाल्यावर समोरच्याचं तोंडही पाहायची इच्छा उरत नाही. शिवाय हक्क ही विकायची वस्तू आहे, असं जिंकणाऱ्याला वाटतच नाही.

डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० चा कपांचा प्रयोगही याच अंगाचा. अर्ध्या विद्यार्थ्यांना कप दिले, अर्ध्यांना नाही. ज्यांच्या हातात कप आला ते त्याची किंमत घेणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट सांगू लागले. म्हणजे हक्क सुरुवातीला कोणाला दिला, त्यावर त्याची किंमतच बदलते. गुरं आणि पिकाच्या साध्या हिशेबाला हा मोठा धक्का आहे, आणि तो मान्य करायला हवा.

गरिबाचं काय? ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो हक्क विकत कसा घेणार?

माझ्या मते कोस यांच्या मांडणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच. 'एकूण उत्पन्न सारखंच राहतं' हे खरं धरलं, तरी पैसे कोणाच्या खिशातून गेले याला महत्त्व आहे. झोपडीतल्या माणसाला स्वच्छ हवा शंभर रुपयांना 'परवडत' नाही, याचा अर्थ त्याला ती शंभर रुपयांची वाटत नाही असा होत नाही. हक्क आधीच त्याच्या नावे असता, तर तो त्यानं दहा हजारांनाही विकला नसता. हक्क कोणाला द्यायचा याचा न्यायाच्या अंगाने विचार वेगळा करावाच लागतो. कोस यांनीही लेखाच्या शेवटी म्हटलंय की अशा निवडी बाजारमूल्यांपेक्षा व्यापक पायावर व्हायला हव्यात.

कॅलाब्रेसी आणि पॉझनर यांचा यात काय भाग?

कायद्याचे प्राध्यापक गुइडो कॅलाब्रेसी यांनी येल विद्यापीठात अपघातांच्या कायद्यावर, कोस यांच्याच काळात पण स्वतंत्रपणे, असाच विचार केला: अपघात टाळणं ज्याला सर्वांत स्वस्त पडतं त्याच्यावर जबाबदारी टाका. १९७२ मध्ये डग्लस मेलामेड यांच्याबरोबर त्यांनी एक फार उपयोगी फरक दाखवला. हक्काचं रक्षण मनाई हुकमानं करता येतं, म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय तो कुणाला घेता येत नाही. किंवा नुकसानभरपाईनं करता येतं, म्हणजे कोर्टानं ठरवलेली किंमत मोजून तो घेता येतो. रिचर्ड पॉझनर यांनी १९७३ च्या ग्रंथात करारापासून फौजदारी कायद्यापर्यंत सगळीकडे हे आर्थिक विश्लेषण नेलं, आणि १९८१ ते २०१७ न्यायाधीश म्हणून ते वापरलंही. कोस यांना तो व्याप फारसा भावला नाही. कायदा आर्थिक जीवनाला कसा वळण देतो, एवढ्यातच त्यांचा जीव होता.

कोर्टांच्या निकालांत हे दिसतं का?

न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ एका सिमेंट कारखान्याच्या धुळीविरुद्ध शेजारी कोर्टात गेले, १९७० चा बूमर खटला. शेजाऱ्यांचं कायमचं नुकसान १,८५,००० डॉलर ठरलं. कारखान्यातली गुंतवणूक ४.५ कोटी डॉलरहून जास्त, कामगार ३०० हून अधिक. कोर्टानं कायमची भरपाई द्या म्हटलं, आणि ती दिली की मनाई उठेल.

ॲरिझोनातला १९७२ चा स्पर खटला मुलांना जास्त आवडतो. गुरं पोसण्याचा मोठा तळ आधीपासून होता. डेल वेब या बिल्डरनं निवृत्तांसाठी सन सिटी वसवायला घेतली आणि घरं सरकत सरकत तळापर्यंत आली. तळावर दिवसाला दहा लाख पौंडांहून अधिक ओलं शेण पडायचं, माश्या आणि वास घरांत. कोर्टानं सांगितलं, तळ हलवा, कारण इतक्या लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. पण हलवण्याचा खर्च बिल्डरनं द्यायचा, कारण त्यानंच स्वस्त जमिनीच्या मोहानं घरं तिथवर आणली. विंपोल स्ट्रीटच्या डॉक्टरांनाही असंच सांगता आलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

भारतात याचा काही संबंध?

लहरींचा तर थेट आहे. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'प्रथम येणाऱ्यास प्रथम' या पद्धतीनं दिलेले टू-जीचे १२२ परवाने रद्द केले आणि लिलावाचा मार्ग सांगितला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घटनापीठानं स्पष्ट केलं की सगळ्याच नैसर्गिक संपत्तीसाठी लिलाव हा एकमेव मार्ग नाही. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या धुरातल्या कणांसाठी परवान्यांचा बाजार सुरू झाला. एकूण मर्यादा सरकार ठरवतं, त्याखाली कारखाने परवाने आपापसांत विकतात. हा शुद्ध कोस नव्हे, यात पिगूही आहेत. पण 'हक्क मोजता आला पाहिजे आणि विकता आला पाहिजे' हे म्हणणं १९५९ च्या रेडिओ-लेखातलंच.

मूळ लेख वाचायला जड आहे का? सुरुवात कुठून करावी?

इंग्रजी साधं आहे, वाक्यं सरळ आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्यांना मी गुरांचा हिशेब वहीत स्वतः मांडायला सांगतो, चौथ्या जनावरापर्यंत. मग थेट खटल्यांच्या भागावर जावं. तिथे ब्रायंट विरुद्ध लेफिव्हर हा १८७९ चा खटला आहे: शेजाऱ्यानं भिंत उंच केली आणि ह्याच्या चुलीचा धूर परत घरात येऊ लागला. धूर कोणामुळे झाला, भिंत बांधणाऱ्यामुळे की चूल पेटवणाऱ्यामुळे? त्या पानावर पुस्तक पालथं घालून दहा मिनिटं स्वतः विचार करावा, आणि मगच कोस यांचं उत्तर पाहावं.